सुभेदार गेला, इंजिन आलं

मी गेलो होतो विस्तव आणायला. एवढंच. बाबलीच्या संसारात ढवळाढवळ करण्याचा माझा बिलकूल विचार नव्हता. (आगपेटी माझ्या खिशातच होती, हे खरं. पण शेजाऱ्याकडे सकाळी सकाळी जायचं तर काहीतरी कारण लागतं, आणि विस्तवासाठी नेलेली करवंटी हे आमच्या वाडीतलं सर्वांत स्वस्त कारण.)

आमच्या दोन घरांच्या मध्ये चिऱ्याचा गडगा आहे. कुठल्या पूर्वजाने घातला देव जाणे, पण त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असावी. कारण त्याची उंची अशी बेताची आहे की पलीकडचं सगळं दिसतं, आणि तरी आपण आपल्या हद्दीत उभे आहोत असं म्हणता येतं. तर त्या सकाळी मला गडग्यावरून दिसलं की बाबलीचा रहाट थांबलाय. रहाट थांबला म्हणजे सुभेदार थांबला. आणि सुभेदार का थांबला हे कळल्याशिवाय माझ्या घशाखाली पेज उतरली नसती.

सुभेदार म्हणजे बाबलीचा रेडा. फिरला तर फिरला, नाहीतर पेन्शनीत निघालेल्या लष्करी माणसासारखा झापडं बांधलेलं तोंड समोरच्या माडाकडे करून एका जागी उभा राहायचा. बाबली त्याच्यासमोर हात जोडून उभा होता.

"चल रे माझ्या बापाशी, चल. रोपां करपतली रे!"

रोपं म्हणजे पोफळीची. इथे थोडं सांगायला हवं. बाबलीने ऐन उमेदीची वर्षं मुंबईत गिरणीत काढली. बायको सुगंधा आणि दोन मुली इथे. शिमग्याला यायचा, मुलींना वाटायचं पाहुणा आला. शेवटी सुगंधाने निरोप धाडला, "पेज खाऊन रवू, पण तुमी घराक येवा." तो आला आणि घरामागे पोफळीची बाग लावली. पोफळ काही लगेच सुपारी देत नाही, पण जगली तर जन्माची सोय. आणि चैत्र-वैशाखात चार दिवस पाणी चुकलं तर संपलं. बाग जगली तर बाबली घरात, बाग करपली तर बाबली पुन्हा मुंबईच्या बोटीत. हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. (मीच सांगितलं होतं.)

मी गडगा ओलांडला, सुगंधाकडून करवंटीत विस्तव घेतला आणि विहिरीकडे गेलो.

"बाबली," मी म्हटलं, "ह्या रेड्याक आता पेन्शन दी. इंजिन घे."

"कसला इंजिन, दादा?"

"पाण्याचा. कुडाळच्या बाजारात बघलंय मी. हॅंडल मारला की पाणी असा येता, असा येता, की..."

पुढे काय म्हणावं ते सुचेना, म्हणून पाणी कसं येतं ते दाखवायला मी हातातली करवंटी जोरात पालथी केली. विस्तव थेट सुभेदाराच्या पायाशी पडला. सकाळपासून न हललेला सुभेदार असा सुटला की रहाटाने तीन उलटसुलट गिरक्या घेतल्या आणि त्याचे अर्धे मातीचे लोटे विहिरीच्या कठड्यावर आपटून फुटले.

सुगंधा धावत आली. "भावजी! इतको वेळ रेडो गप उभो होतो. तुमी इलात आणि लोटे फुटले!"

"अगो, म्हणानच सांगतंय. इंजिनाक लोटेच नसतत."

ती फुटके लोटे गोळा करायला वाकली आणि तोच होकार धरला गेला.

खालच्या वाडीतली हौसाबाई सुभेदाराला घेऊन गेली. तिने आधी रेड्याचे दात बघितले, मग बाबलीचं तोंड बघितलं, आणि घासाघीस न करता दावं हातात घेतलं. सुगंधाने सुभेदाराच्या कपाळाला कुंकू लावलं आणि पदर डोळ्यांना लावला. माझी बायको जानकी गडग्यावरून बघत होती. ती म्हणाली, "रेडो जाता तो जाता, तुमचो सल्लो तेवढो हंयच रवता."

इंजिन आणायला बाबलीबरोबर मी गेलो. कारण दुकान म्हटलं की शुद्ध बोलावं लागतं, आणि वाडीत शुद्ध बोलणारा मी एकटा. मी मराठी सातवीपर्यंत शिकलोय. (सातवीत गेलो होतो असं म्हणायला हरकत नाही. बाहेर कसा आलो तो विषय वेगळा.)

पण कुडाळच्या त्या दुकानात शुद्ध बोलायची वेळच आली नाही. एजंट भाईशेट आम्हाला बघून गादीवरून उठून दारापर्यंत आला.

"येवा, दादानू, येवा! ह्या उन्हातसून कसे इलात? अरे, दोन च्या सांग, साखर वायच जास्त!"

इतका आपला माणूस मी कुडाळात पाहिला नव्हता. त्याने इंजिनावरून असा हात फिरवला जणू पोटचं पोर सासरी धाडतोय.

"ह्या इंजिन न्हय, दादानू. ह्या तुमच्या घरातला माणूस."

"आणि बिघडला तर?" बाबलीने विचारलं.

"बिघडणा नाय. आणि बिघडलाच, तर एक निरोप धाडा. आमचो सत्यवान मेस्त्री पेजेच्या वेळेक तुमच्या खळ्यात हजर."

कुठल्या साली, ते आम्ही विचारलं नाही.

धोंडू गावकराच्या बैलगाडीतून इंजिन आलं तेव्हा वाडीतली सगळी माणसं विहिरीवर जमली होती. सत्यवान मेस्त्रीही बरोबर आला होता. त्याने नळ्या जोडल्या, टाकीत घासलेट ओतलं, हॅंडल मारलं, आणि काय सांगू! पाटातून पाणी असं धावलं की बाबलीच्या मुली त्याच्या पुढे पळायला लागल्या. थोडा वेळ चालवून त्याने इंजिन बंद केलं आणि हात पुसले.

"आता तुमची पूजा काय ती करा," तो म्हणाला आणि सुगंधाने दिलेलं शहाळं घेऊन माडाखाली बसला.

पूजेचा मान सल्ला देणाऱ्याचा, म्हणजे माझा. नवीन पाहुण्याच्या कपाळाला कुंकू लावायचं ही आपली रीत. पण इंजिनाचं कपाळ कुठलं? मी चहूबाजूंनी फिरून बघितलं. सर्वांत वर होतं ते टाकीचं पितळी झाकण. तेच कपाळ ठरलं. पाण्यात कालवलेली हळद, त्यावर कुंकू, त्यावर ओल्या अक्षता... हात म्हणून आखडता घेतला नाही. नारळ फोडला. सत्यवानने शहाळ्यातून मान वर करून म्हटलं, "छान!" आणि तो एस. टी. पकडायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबलीने हॅंडल मारलं. फट् फट् फट् फट्... पाणी पहिल्या पोफळीपर्यंत पोचलं. फट्... फट्... फुस्स.

पुन्हा हॅंडल. पुन्हा पहिली पोफळ. पुन्हा फुस्स.

वाडीतल्या प्रत्येक पुरुषाने हॅंडल मारून पाहिलं. माझ्या पाळीला हॅंडल उलटं फिरलं आणि मी अळवाच्या वाफ्यात जाऊन बसलो. इंजिन थोडा वेळ विश्रांती घ्यायचं, चालायचं, आणि पाणी पहिल्या पोफळीचे पाय धुऊन झाले की थांबायचं. ती एक पोफळ त्या आठवड्यात अशी तरारली की विचारू नका. बाकीच्यांची टोकं पिवळी पडायला लागली. सुगंधा आणि मुली कळशीने पाणी ओढत होत्या, पण कळशीने बाग जगते थोडीच?

निरोप धाडले. पेजेच्या वेळा आल्या आणि गेल्या. शेवटी आम्ही दोघे कुडाळला गेलो.

भाईशेट गादीवरच होता. या वेळी तो उठला नाही. मान वर न करता म्हणाला, "काय काम आहे?"

मी ओळखलं. दुकानातली मालवणी इंजिनाबरोबरच विकली गेली होती. मग मीही माझी शुद्ध भाषा बाहेर काढली.

"महाशय, आमचे इंजिन चालता चालता अकस्मात विराम पावते."

"काय पावते?"

"फुस्स होता," बाबली म्हणाला.

"मेस्त्री बाहेरगावी गेलेत."

"हे काय मेस्त्री!" मी बोट दाखवलं. सत्यवान त्याच्या मागेच खोक्यावर बसून बशीत चहा ओतत होता.

"ते कामावर आहेत," भाईशेट म्हणाला. "कामावर असताना माणसाला बाहेर पाठवता येत नाही."

"मग कामावर नसताना पाठवा."

"कामावर नसताना ते कशाला येतील?"

यात खोट काढता येईना. मी बाबलीकडे बघितलं. तो रडकुंडीला आला होता. "शेटनू, माझी रोपां मरतत हो!"

"इंजिन इकडे घेऊन या," भाईशेट म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी उठून दारापर्यंत गेला. "येवा, काकानू, येवा! ह्या उन्हातसून कसे इलात?"

नळ्या सोडल्या, इंजिन पुन्हा धोंडूच्या गाडीत चढवलं, धक्के खात खात कुडाळला नेलं. भाईशेटने ते बघून कपाळाला हात लावला.

"इकडे कशाला आणलंत? इंजिन जागेवर बघावं लागतं!"

धोंडूने बैल सोडले आणि तो दुकानाच्या पायरीवर असा बसला की आता इंजिन बघितल्याशिवाय दुकान बंद होऊ शकणार नव्हतं. शेवटी सत्यवान उठला. झाकण काढून टाकीत डोकावला, झाकण बाजूला ठेवलं, हॅंडल मारलं. इंजिन सुरू झालं. आणि चालतच राहिलं. आमचा जेवणाचा डबा संपला तरी चालतंय. रस्त्यावरचे लोक विचारायला लागले, चांगलं दिसतंय, केवढ्याला घेतलं? भाईशेटने तेवढ्यात आमच्याच इंजिनावर दुसरं गिऱ्हाईक पटवलं.

"बघितलंत?" तो म्हणाला. "इंजिनात दोष नाही. दोष तुमच्या जागेत असेल."

सत्यवानने इंजिन बंद केलं, झाकण घट्ट लावून दिलं, आणि आम्ही परतीला लागलो.

वाटेत गाडी हाकता हाकता धोंडूने मागे वळून विचारलं, "बाबली, तो काय म्हणालो रे? जाग्यात दोष?"

"तसाच म्हणालो."

"राखणदाराक इचारलं होतंस?"

बाबलीने जीभ चावली. मीही. आमच्याकडे प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण जागेवर काही नवं करायचं तर आधी त्याचा मान द्यावा लागतो. नारळ, विडी आणि घोटभर कडक. मी झाकणाला कुंकू लावलं, पण जागेच्या मालकाला विसरलो होतो. आणि आता खुद्द कुडाळचा एजंट, ज्याला आमच्या वाडीची दिशासुद्धा माहीत नाही, तो सांगत होता की दोष जागेत आहे. मी गाडीतूनच राखणदाराला हात जोडले.

नारळ आणि विड्या मिळायला अडचण नव्हती. अडचण होती ती तिसऱ्या वस्तूची. दारूबंदीचे दिवस. माणसाला बाटली जवळ ठेवायची तर परवाना लागायचा, आणि राखणदाराचा परवाना कोणी काढलेला नव्हता. पण धोंडूने दुसऱ्या दिवशी खोकल्याच्या औषधाची एक मोठी बाटली आणली. बूच काढल्यावर काजूचा असा वास सुटला की दोन म्हाताऱ्या माणसांना खरोखरच खोकला आला. ती कुठून आणली हे मी विचारलं नाही. (विचारलं. त्याने सांगितलं नाही.)

सगळे विहिरीवर जमले. धोंडूने नारळ हातात धरला, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा राखणदारा, ह्या जाग्याच्या धन्या, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आज ह्या तुझ्या लेकरान, बाबलीन, तुका इचारल्याशिवाय ह्या फटफट्या तुझ्या जाग्यार हाडून ठेवला, ती चूक पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण शेजारी तेका नको तो सल्लो देता, तेच्या तोंडाक वायच लगाम घाल, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा जास्तच जोरात झालं. सर्वांत मोठा आवाज गडग्यापलीकडून आला.

"आणि तो कुडाळचो एजंट, जो इकताना च्या पाजता आणि इकल्यार वळखणा नाय, तेका सुबुद्धी दी, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

धोंडूने घोटभर औषध जमिनीवर ओतलं. विधी संपला. पण माझ्या मनात आलं, राखणदार जागेचा खरा, पण इंजिनसुद्धा आता जागेचंच झालं. त्याला वगळून कसं चालेल? मी झाकण काढलं आणि टाकीत चांगला गडूभर नैवेद्य ओतला. झाकण कुठे ठेवलं ते माझ्या ध्यानात राहिलं नाही. माणूस भक्तीत असला की झाकणाकडे लक्ष राहत नाही.

बाबलीने हॅंडल मारलं.

फट् फट् फट् फट् फट्! निळा धूर, काजूचा वास, आणि पाणी! पहिली पोफळ झाली, दुसरी झाली, पहिली ओळ संपली. फुस्स काही होईना. सुगंधाने मातीतच डोकं टेकलं. बाबली येऊन माझ्या गळ्यात पडला, "दादा, बाग वाचली! दादा, मी आता मुंबईक जाणंय नाय!" माझे डोळे भरून आले. जानकीने हे बघावं म्हणून मी गडग्याकडे तोंड करून उभा राहिलो.

शेवटची ओळ भिजली. बाबली म्हणाला, "पुरे आता. बंद करूया."

"कर."

"मी? माका खंय येता? तुमी करा."

आम्ही धोंडूकडे बघितलं. धोंडूने सत्यवान बसला होता त्या माडाखाली बघितलं. तिथे कोणी नव्हतं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की इंजिन बंद कसं करतात हे आम्ही कोणीच शिकलो नव्हतो. आतापर्यंत ते आपलं आपण बंद पडत होतं!

मी दिसेल तो खटका ओढला. इंजिन दुप्पट जोरात धावायला लागलं. पाट फुटला. पाणी बागेतून खळ्यात, म्हणजे अंगणात, अंगणातून गोठ्यात, आणि गोठ्यातून गडग्याखालच्या भोकातून थेट आमच्या खळ्यात शिरलं. तिथे जानकीची कोकमाची सोलं चटयांवर वाळत होती. मला ती दिसली नाहीत, पण जानकीचा आवाज आला, आणि मग गडग्याखालून लालभडक पाण्याचा लोंढा सोलांसकट बाबलीकडे परत आला.

"माझी सोलां! वर्साची सोलां! कोणाच्या बापाशीचा इंजिन ता?"

"जानकी, राखणदार पावलो गो!" मी ओरडलो.

"पावलो, तर आता तेका जावक सांगा!"

धोंडूने ते मनावर घेतलं. त्याने घाईघाईत दुसरा नारळ उचलला आणि इंजिनासमोर उभा राहून उलटं गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा, तुझी शक्ती बघली, आता आवर, म्हाराजा!" आम्ही गुडघाभर चिखलात उभे राहून "व्हय म्हाराजा!" म्हणत होतो, पण त्या फटफटाटात राखणदाराला ऐकू गेलं नसावं. विहिरीचं पाणी तळाला गेलं. नळीतून गाळ आला, मग एक बेडूक आला, तो जिवंत होता आणि अतिशय रागावलेला होता. मग नळी नुसतीच किंचाळायला लागली. मी बैलगाडीतलं गोणपाट चिखलात बुडवलं आणि अंगावर गोधडी टाकावी तसं इंजिनावर टाकून त्याला मिठी मारली.

धाड! काहीतरी लोखंडी माझ्या कानाजवळून उडून अळवात पडलं. इंजिन थांबलं.

एवढी शांतता की टपटप पाणी ऐकू यावं. आणि त्या शांततेत बेड्याकडून, म्हणजे आवाराच्या दारातून आवाज आला, "इंजिन बंद का आहे?"

सत्यवान मेस्त्री! हातात हत्यारांची पेटी, आमच्या जुन्या निरोपावरून आत्ता आलेला. आणि वेळ बघाल तर बरोबर पेजेची.

तो इंजिनाजवळ आला, वाकला आणि त्याने नाक वर केलं. "वास कसला?"

"खोकल्याचं औषध," मी म्हणालो.

"इंजिनाला खोकला झाला होता?"

"फार दिवसांचा. चार पावलं चाललं की दम लागायचा."

त्याने चिखलातून टाकीचं झाकण शोधून काढलं आणि नखाने खरवडायला लागला. हळद, कुंकू आणि अक्षता वाळून त्यावर दगडासारखी खपली धरली होती. "झाकणाला भोक असतं. त्यातून टाकीत हवा जाते. हवा गेली नाही, तर घासलेट खाली उतरत नाही. हे कोणी थापलं?"

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. मुली तर बोट दाखवून.

"मेस्त्री," मी म्हटलं, "मी थापत होतो तेव्हा तुम्ही समोर शहाळं पीत बसला होता!"

"हो. छान होतं."

"मग तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही. मला वाटलं, तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

मग त्याने आपली अडचण सांगितली. दारू प्यालेल्या इंजिनाची गॅरंटी कंपनी घेत नाही. इंजिन कशाने बिघडलं ते खरं कळवलं तर फौजदार येईल, आणि नाही कळवलं तर कंपनी फुटलेला पार्ट देणार नाही. धोंडूने उरलेली बाटली त्याच्या पुढे केली. सत्यवानने तपासणीसाठी एक घोट घेतला. खात्री पटेना म्हणून आणखी दोन घेतले. आणि मग काय आश्चर्य! त्याला एकदम मालवणी यायला लागली.

"औषधच आसा, दादानू. बऱ्यापैकी औषध आसा. मी काय सांगणंय नाय कोणाक. पण पार्ट मुंबयसून येवक होयो, आणि तोपर्यंत पावसासाठी बोटी बंद जातल्यो. नारळी पुनव होवंदे, मगे बघूया."

नारळी पौर्णिमा! पाऊस पडायला अजून महिना होता, आणि बाबलीच्या पोफळींना उद्याचं पाणी हवं होतं.

सत्यवान गेला. माणसं पांगली. बाबली विहिरीच्या कठड्यावर बसला आणि कोणाकडे न बघता म्हणाला, "शेवटची बोट सुटाच्या आधी जातंय मी. मुकादम अजून वळखता माका." मुलींनी एकमेकींकडे बघितलं. धाकटीने हळूच त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं.

सुगंधा चिखलातून उठली. "खंय जावचा नाय," ती म्हणाली. "भावजी, तुमी जावा आणि सुभेदाराक परत मागा."

मी गेलो. हौसाबाईने मला पायरीवरही चढू दिलं नाही. "सुभेदार हंय मनासारखो फिरता. तुमच्याकडे म्हणे गरीब जनावराच्या पायाखाली इस्तव घालतत?"

"हौसाबाई, ता करवंटेतसून चुकान पडला..."

"पावसाआधी रेडो मिळूचो नाय. जावा."

मी परत आलो तेव्हा सुगंधा रहाटाला नवे लोटे बांधत होती. विहिरीला झरे चांगले, पाणी पुन्हा चढायला लागलं होतं. बाबलीने रहाटाच्या आडव्या दांड्याला छाती लावली आणि जोर केला. रहाट करकरला, पण हलेना. एका माणसाचं काम नव्हतं ते. सुगंधाने माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं.

गडग्यापलीकडून जानकी म्हणाली, "सल्लो देताना तोंड होता ना? आता खांदो द्या."

झालं. दुसऱ्या दिवसापासून बाबली दांड्याच्या एका बाजूला आणि मी दुसऱ्या. पहिल्या दिवशी माझी कंबर गेली, दुसऱ्या दिवशी अब्रू. कारण बाजाराला जाणारी माणसं वाट वाकडी करून बघायला यायला लागली. धोंडू तर गाडी थांबवून विचारायचा, "दादा, आज वैरण खाल्लंस?" पण खरं सांगतो, पोफळींची पिवळी टोकं हळूहळू हिरवी झाली. बाबलीने मुंबईचं नाव काढणं सोडलं. मुली पाटात होड्या सोडायला लागल्या, आणि सुगंधा मला पहिल्यांदा, अगदी न मागता, चहा देऊ लागली.

एकच अडचण होती. रहाट फिरताना एका जागी आलं की तिथून पलीकडच्या घरातल्या राधाबाईचं खळं अगदी समोर दिसायचं. आमच्या गडग्यावरून ते कधीच दिसत नसे. इतकी वर्षं मी एवढ्या मोठ्या गोष्टीला मुकलो होतो! त्यामुळे त्या वळणावर माझे पाय आपोआप मंदावत. तिकडे नुसतं धुणं वाळत असलं तरी कोणाचं धोतर आहे ते बघायला नको? रहाट थांबे, बाबली ओरडे, मी पुन्हा चालू लागे. सुगंधा पाटाच्या कडेला उभी राहून हे बघायची.

एका सकाळी त्या वळणावर मी थांबलोच. राधाबाईच्या ओटीवर एक टोपीवाला गृहस्थ बसला होता आणि आत भांड्यांची गडबड चालू होती.

"बाबली, राधाबाईकडे पावणे इलेत वाटता. लग्नाच्या चेडवाक बघूक तर नाय? टोपीवालो तो कोण रे?"

"दादा, चला हो!"

"थांब, च्या येता की सरबत येता तेवढा बघूक दी..."

इतक्यात सुगंधा घरातून आली. हात पदराआड होता. मला वाटलं, चहा.

"भावजी, वायच वाका," ती म्हणाली.

मी वाकलो. तिने माझ्या डोळ्यांवर काहीतरी जाड, चामड्याचं, रेड्याच्या घामाचा वास येणारं बांधलं आणि मागे घट्ट गाठ मारली. सुभेदाराची झापडं!

"तोपण पयलो ह्याच जाग्यार थांबत होतो," ती म्हणाली. "हां, आता चला."

मी चाललो. काय करणार? पाय मोकळे सुटले, लोटे भराभर रिते व्हायला लागले, आणि त्या दिवशी शेवटच्या ओळीला पाणी पहिल्यांदाच वेळेवर पोचलं. मी अंधारात गोल गोल फिरत होतो, तेवढ्यात गडग्यापलीकडून जानकीचा आवाज आला, फार दिवसांनी इतका गोड:

"गो सुगंधा, पाणी लावून झाला की ती झापडां वायच माका देशीत काय? घराक होयी होती."